तासिकेवर किती वर्षं काढायची?

खडूवाला: सेट (प्राध्यापक होण्याची राज्य पात्रता परीक्षा) झालो, पीएचडी झाली, वय ३६. दोन कॉलेजांत मिळून आठवड्याला ९ तासिका, मराठी शिकवतो. तासाला ९००. महिन्याला ३२,४०० दिसतात खरे, पण दिवाळी, परीक्षा, उन्हाळा कोरडाच, आणि बिलं सहा-सहा महिने अडकलेली. शेजारच्या खुर्चीतल्या कायम सरांचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० द्या म्हटलं होतं. तो कागद आमच्या कॉलेजच्या वाटेवर कुठे हरवला?

रोखठोक अण्णा: कडू लागेल, पण पीएचडी केलेल्या प्रत्येकाला सरकारने चिकटवावं हा हट्ट कशाला? कला शाखेचे वर्ग ओस पडतायत. कायम माणूस घेतला की पंचवीस वर्षं पगार. दोन-तीन वर्षं बघायचं, नाहीतर बाहेर पडायचं. भाच्याने फिजिक्सचा क्लास काढला, मजेत आहे.

नेट_पण_नेटवर्क_नाही: अण्णा, वर्ग ओस आहेत तर यांच्या ९ तासिका काय बाकांना शिकवायला? काम आहे, फक्त जागा भरायची नाहीये. २०२१ मध्ये राज्यात सहायक प्राध्यापकांच्या २०८८ जागांना मंजुरी निघाली, मीही अर्ज केला. एका संस्थेत मुलाखतीआधीच 'आकडा' विचारला, म्हणजे नोकरीसाठी किती पैसे देणार. वडिलांनी रात्री सातबारा काढून ठेवला होता. मी म्हटलं, ठेवा आत.

संशोधक ताई: आणि गंमत बघा. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी शिष्यवृत्ती, २०२३ पासून महिन्याला ३७,०००. म्हणजे शिकत असताना जास्त, शिकून झाल्यावर कमी! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठात शिकवायला पीएचडी सक्तीची केली म्हणून मी सहा वर्षं घातली. जुलै २०२३ पासून म्हणे, नेट-सेट पुरे. वर त्याच डिसेंबरात अजित पवारांनी नागपुरात विचारलं, पीएचडी करून काय दिवा लावणार?

रोखठोक अण्णा: आकड्याचं कबूल, ते पाप आहे. भरती संस्थाचालकांच्या हातून काढा, मी सही करतो. पण छत्तिशीपर्यंत वाट बघणं ही ज्याची त्याची निवड, त्याचं खापर सरकारवर नको.

खडूवाला: बाहेर पडायला बाहेरच्यांनी घ्यायला हवं ना अण्णा. गेल्या महिन्यात एका खासगी कंपनीत गेलो, 'ओव्हरक्वालिफाइड' म्हणाले. असो, निघतो. सकाळी साडेसातची तासिका आहे, मस्टरवर सही राहिली की ९०० गेले.