सशाच्या नाकाशी रक्त आणि सकाळी तो गेलेला. दुसरीला कसं वाचवू?

कृष्णाकाठची (सांगली), दुपारी १२.४०

नमस्कार. विश्रामबागमधून लिहितेय. हात थरथरतायत, चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्याकडे दोन ससे, मोदक आणि शेवंती. दीड वर्षांचे. आज सकाळी सहाला मोदक खुराड्यात मेलेला सापडला. मान मागे ताणलेली, पाय लांब, नाकाशी रक्ताचा फेस. जखम नाही, आणि मांजर शिरेल अशी फटही नाही. काल रात्री नऊला मीच त्याला दूर्वा घातल्या. पूजेसाठी आणलेल्या जुडीतल्या उरलेल्या सगळ्या दूर्वा या दोघांच्याच. एरवी हातातून ओढून घेतो. काल एक काडी चावली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. कान गरम लागले. म्हटलं, गौरीच्या पाहुण्यांनी दिवसभर उचलून उचलून दमवलाय.

एक गोष्ट राहून राहून आठवते. परवा इचलकरंजीहून नणंद आणि भाचा आले होते. भाचा म्हणाला, "मामी, आमचे दोन्ही ससे रविवारी मेले. एका रात्रीत." नणंद म्हणाली, दमट हवेनं गेले असतील. पोराचा चेहरा पाहून मी मोदकला उचलून त्याच्या मांडीवर दिलं. त्याचे कपडे, त्याचे हात, काही मनात आलं नाही.

एका डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, ससाच आहे ना, दुसरा आणा. नऊ वर्षांची लेक शेजारीच उभी होती.

सासऱ्यांनी मोदकला दोन पिशव्यांत बांधून थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलंय. का मेला ते कळल्याशिवाय पुरायचा नाही म्हणतात. शेवंती अजून खातेय. तिला लागेल का? लेकीला काही होईल का? शेवंतीला द्यायला घरात अँटिबायोटिकचं सिरप आहे, ते देऊ का?

गुरांचा डॉक्टर (सातारा), दुपारी १.१५

ताई, सिरप देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा त्यानंच दगावतो. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला पशुवैद्य. ससे थोडे पाहिले, पण हे चित्र ओळखीचं आहे.

सासऱ्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर. आजच्या आज खोकं घेऊन जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जा आणि शवविच्छेदन करा असा आग्रह धरा. नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. मोदकला फ्रीजरमध्ये मात्र टाकू नका, गोठलेल्या अवयवांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते.

वर्णनावरून मला संशय येतो तो सशांच्या रक्तस्रावी रोगाचा. कॅलिसी कुळातला विषाणू आहे. थेट यकृतावर जातो, यकृताच्या पेशी मरतात, रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटते. लागण झाल्यापासून एक ते पाच दिवसांत ताप, आणि ताप आल्यावर पुष्कळदा काही तासांत शेवट. कित्येक सशांना काहीच लक्षण दिसत नाही, रात्री खातात आणि सकाळी नसतात. पण उष्माघात, विषबाधा, फुप्फुसाचा जंतुसंसर्ग यांतही ससा अचानक जातो, म्हणून तपासणीशिवाय नाव ठेवायचं नाही.

लेकीची काळजी सोडा. हा विषाणू माणसाला, कुत्र्यामांजरांना आजारी पाडत नाही. पण त्यांच्या हातापायांवरून दुसऱ्या सशापर्यंत जातो.

शेवंतीला आत्ता त्या खुराड्यातून काढून घरातल्या वेगळ्या खोलीत न्या. तिचं सगळं एकाच माणसानं करायचं. आत जाताना कपडे आणि चप्पल वेगळी, हात साबणानं खसखसून धुवायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो फारसा दाद देत नाही. भांडी आधी साबणानं घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून निदान दहा मिनिटं बुडवून ठेवा. उरलेल्या दूर्वा फेकून द्या. माश्या आत येऊ देऊ नका. १९९५ साली ऑस्ट्रेलियात वॉर्डांग बेटावर याच विषाणूची बंदिस्त चाचणी चालू होती, तिथून तो समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर गेला. संशय माश्यांवरच आहे.

माणदेशी (म्हसवड), दुपारी ३.०५

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून खाली बसलो.

मी ससेपालन केलंय. सात माद्या, तीन नर असं एक युनिट, माझी पाच युनिटं होती. पिलं आम्हीच विकत घेणार म्हणून सांगणारे नंतर गायब झाले, ती वेगळी कथा. त्याच्या आधी एका पावसाळ्यात चार दिवसांत माझे एकतीस मोठे ससे गेले. असंच नाकाला रक्त. काही जण मरताना किंचाळले, तो आवाज अजून कानात आहे. गावात म्हणाले खाद्यात बुरशी असंल. मी सगळं खाद्य ओढ्यात ओतलं, कर्ज काढून नवं भरलं.

एक कोडं मला आजवर सुटलं नव्हतं. मोठे गेले, पण महिन्याभराची पिलं टणटणीत राहिली. खाद्यात विष असतं तर आधी पिलं मरायला हवी होती की नाही?

आणि ताई, मी मेलेले ससे बांधाला टाकले. कुत्र्यांनी ओढून नेले. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरच्या पाहुण्याचे ससे गेले. मला कुणी सांगितलं असतं तर खड्डा घेतला असता.

गुरांचा डॉक्टर, दुपारी ३.५०

माणदेशी, आता नमुना नाही, त्यामुळे ठामपणे सांगता येणार नाही. पण पिलं वाचणं ही या रोगाच्या जुन्या प्रकाराची खूणच आहे. साधारण दोन महिन्यांच्या आतल्या पिलांना तो सहसा मारत नाही. हा रोग १९८४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतात पहिल्यांदा दिसला, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत. तिथल्या पाळीव सशांचा कोट्यवधींनी फडशा पडला. २०१० मध्ये फ्रान्समध्ये नवा प्रकार सापडला. तो दोन-तीन आठवड्यांच्या पिलांनाही सोडत नाही, काही जातींच्या रानसशांनाही मारतो.

खड्डा खोल घ्यायचा, वर चुना टाकायचा. नदीत, ओढ्यात, उकिरड्यावर मेलेला ससा कधीच टाकायचा नाही. मेलेल्या सशात हा विषाणू कित्येक महिने टिकतो, साध्या कापडावर तीन महिन्यांहून जास्त.

वाळवंटातला सांगलीकर (ॲरिझोना), संध्याकाळी ७.३०

मूळचा वखारभागातला. इथं २०२० मध्ये नवा प्रकार न्यू मेक्सिको, ॲरिझोना, टेक्सासमध्ये पसरला तेव्हा आमच्याकडे एक ससा होता. रस्त्याकडेला रानससे मरून पडलेले असायचे. आम्ही बुटं दाराबाहेर काढायचो, बाहेरचं गवत पूर्ण बंद केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लसीला आणीबाणीची परवानगी मिळाली. तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. युरोपात लशी त्याआधीपासून आहेत.

वहिनी, मी लस पाठवू का असं लिहिणार होतो. घरात विचारलं तर सगळ्यांनी वेड्यात काढलं.

गुरांचा डॉक्टर, रात्री ८.१०

पाठवू नका. लस सतत दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते, आणि परदेशी लशीला सरकारी आयात परवाना लागतो. कुरिअरच्या पुडक्यातून आलेलं ते पाणीच समजा. सध्या ताईंच्या हातात साबण, ब्लीच आणि बंद दार आहे. तेवढं नीट केलं तरी पुष्कळ.

कृष्णाकाठची, नऊ दिवसांनी

सगळ्यांची ऋणी आहे.

त्याच दुपारी मोदकला नेलं. तिथल्या मॅडमनी एकदाही "ससाच आहे" म्हटलं नाही. यकृत फिकट आणि ठिसूळ निघालं, श्वासनलिकेत रक्ताळलेला फेस, फुप्फुसांवर रक्ताचे डाग. नमुने पुण्याला गेलेत, अहवाल यायचा आहे. तोवर रक्तस्रावी रोगच धरून वागा असं मॅडमनी सांगितलं.

शेवंती वरच्या खोलीत आहे. खाते, लेंड्या नीट टाकते. पहिले पाच दिवस मी दर तीन तासांनी उठून तिचे कान चाचपले. मॅडम म्हणाल्या, लागण होऊन वाचलेला ससाही काही आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतो, म्हणून तिला दोन महिने दुसऱ्या सशाजवळ न्यायचं नाही. नवा ससा चार महिने तरी आणायचा नाही.

नणंदेला फोन केला. आधी तिला राग आला, आम्ही रोग आणला म्हणतेस का म्हणून. मी म्हटलं, तुमच्याकडे कुणी आणला तेही तुला ठाऊक नाही, मलाही नाही. मग ती रडली. भाच्याला नवे ससे आणायला ते त्या रविवारी बाजारात जाणार होते. त्याच पिंजऱ्यात ठेवणार होते. ते थांबलं.

आमच्या कॉलनीत आणखी तीन घरांत ससे आहेत. तिन्ही घरी स्वतः गेले, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, आणि फाटकाबाहेरूनच बोलले. एकीच्या घरी मंडईतून सशांसाठी भाजीचा पाला येतो, तो कुठून येतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

खुराडं उरलं होतं. २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर बुडालं, तेव्हा फुगलेल्या दाराच्या फळ्या सासऱ्यांनी टाकू दिल्या नाहीत. त्यांतूनच त्यांनी दोन महिने खपून हे खुराडं केलं होतं. मॅडम म्हणाल्या, लाकडाच्या भेगांत ब्लीच पोचत नाही. मला सासऱ्यांना सांगायचा धीर होईना. लेकीनंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. परवा पहाटे मागच्या अंगणात धूर दिसला म्हणून मी गेले, तर सासरे कुदळीनं फळ्या सोडवून एकेक आगीत घालत होते. कडी तेवढी बाजूला काढून ब्लीचच्या बादलीत टाकलेली होती.