पहिली-दुसरीच्या लेकरांचं समूहगीत: पेटीवर कोणती पट्टी धरावी?

दुसरीच्या बाई (गंगाखेडजवळ)
नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी मिळून सव्वीस लेकरं अन् मी एकटी. मला गाणं येतं ते अंगाईपुरतं. मागच्या गॅदरिंगला मोबाइलवर कराओके लावला. मुखडा निभावला, पण अंतरा वर चढला तशी लेकरं गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागली. तेवढ्यात लाईट गेली. ट्रॅक बंद पडला, लेकरं काही थांबली नाहीत. अन् खरं सांगते, तेवढं एक कडवंच सुरात झालं! यंदा चौथीचे सर पेटी धरणार आहेत, पण ते सा पांढरी एकच्या (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) बाहेर नेत नाहीत. काय करावं? आणखी एक: एक लेकरू ओळीत उभं राहतं, पण तोंडच उघडत नाही.

पेटीमास्तर (अंबाजोगाई)
बाई, लाईट गेल्यावर सुरात का झालं, त्यातच तुमचं उत्तर आहे. ट्रॅक मोठ्या माणसाच्या गळ्याचा. तो बंद पडला अन् लेकरं आपल्या पट्टीत उतरली.

सहा-सात वर्षांच्या लेकराचा आरामाचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकात, साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा. फार तर सात. एवढीच जागा. म्हणून चाल आधी तपासा. ती सा ते प-ध एवढीच फिरत असेल तर सा पांढरी दोनवर धरा. खाली मंद्र पंचमाला, म्हणजे सा च्या खालच्या प ला, जात असेल तर सा पांढरी पाचवर न्या, म्हणजे तो पंचम पांढरी दोनवर येतो. वर तार षड्जही (वरचा सा) अन् खाली मंद्रही असलेली चाल या वयाला घेऊच नका, कितीही गाजलेली असो.

सरांना पांढरी दोन जड नाही, एक घर सरकायचंय. पण चाल त्यांनी गाऊन शिकवू नये. पुरुषाचा आवाज खालच्या सप्तकात असतो, लेकरं त्याची नक्कल करायला जातात अन् गुरगुरतात. अंगाईच्या आवाजात तुम्हीच शिकवा. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव. जात्यावरच्या ओवीची चाल चार-पाच स्वरांत फिरते. दूर कशाला जाता?

दोन लेकरांची आई (लातूर)
माझा थोरला असाच होता. स्टेजवर मुका, अन् घरी येऊन अख्खं गाणं, वर शेजारणीच्या पोरीच्या ओळीसकट! त्याच्या हातात टाळ द्या, मधे उभं करा, अन् 'म्हण की रे' म्हणून मागं लागू नका. आणि बाई, 'जोरात म्हणा' हे तर कुणालाच म्हणू नका. लेकरं जोरात म्हणजे ओरडणंच समजतात.

साऊंडवाला (सेलू)
माईक हातात दिला की एकच लेकरू ऐकू येतं, तेही श्वास घेताना. दोन स्टँड लावा, लेकरांच्या डोक्याच्या जरा वर, तोंड खाली वाकवून. बॉक्स (स्पीकर) माईकच्या पुढं, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा, मागं ठेवले तर शिट्टी मारतात. कीर्तनाला लावतो तसला एको नको, शब्द कळत नाहीत. पेटी लेकरांच्या जवळ ठेवा, नाहीतर त्यांना सा ऐकूच येत नाही.

दुसरीच्या बाई
करून पाहिलं. सर आधी कुरकुरले, मग पांढरी दोन धरली. ओवी दोन दिवसांत पाठ झाली अन् आता लेकरं बेचा पाढापण त्याच चालीत म्हणायलीत, मुख्याध्यापक खिडकीतून बघून गेले. टाळवालं लेकरू अजून गात नाही. टाळ मात्र ठेक्यात वाजवायलंय, सरांपेक्षा बरा. साऊंडवाले दादा, आमच्या गावापर्यंत यायचं काय घ्याल ते लवकर कळवा. सरपंच डीजे सांगायच्या बेतात आहेत.