द्नेप्रची तिसरी स्टेज

जुन्या मिसाईलपासून सॅटेलाईट सोडणारं रॉकेट बनवणं म्हणजे 'मिसाईलचं टोक काढायचं, सॅटेलाईट बसवायचा, झालं रॉकेट तयार' असं काहीजण म्हणतात. रशिया-युक्रेनच्या द्नेप्र या रॉकेटपुरतं ते बरंचसं बरोबर आहे, त्यात आर-३६एम या सोव्हिएत अणु-मिसाईलच्या खालच्या दोन स्टेज (एकामागून एक सुटणारे टप्पे) जवळजवळ तशाच वापरल्या, पण तिसऱ्या स्टेजबद्दल ते बोलत नाहीत आणि मला तर खरी कमाल तिथेच वाटते. ती मुळात एकेक वॉरहेड (मिसाईलच्या टोकातला अणुबॉम्ब) वेगवेगळ्या टार्गेटवर सोडायला बनवलेली, त्यामुळे दुसरी स्टेज सुटली की ती चक्क उलटी फिरायची आणि सॅटेलाईटना मागे ठेवून ओढत न्यायची, आणि कक्षेत पोचल्यावर त्यांना पुढे ढकलायची नाही तर इंजिन मंद ठेवून स्वतःच हळूच बाजूला निघून जायची! इंजिनाचा झोत लागू नये म्हणून मध्ये एक शील्ड असायचं. शहरं बेचिराख करायला केलेल्या या युक्तीनेच जून २०१४ मध्ये एका उड्डाणात ३७ सॅटेलाईट वर गेले, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

बाकी द्नेप्रला कोणी 'फुकटात मिळालेलं रॉकेट' म्हणतं, ते मात्र पटत नाही. इंधन भयंकर विषारी, जुलै २००६ मध्ये एक द्नेप्र कझाकस्तानात कोसळलं तेव्हा जमीन दूषित झाली आणि १८ सॅटेलाईट गेले, त्यात कितीतरी विद्यार्थ्यांनी बनवलेले होते. त्या पोरांचं फार वाईट वाटतं.