बागेचं दार किती वाजता उघडतं?

"दोन वस्त्यांच्या मध्ये चांगली बाग करून द्या, पोरं आपोआप मिसळतील" हे म्हणणं मला अर्धंच पटतं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहराच्या उत्तर भागातलं अलेक्झांड्रा पार्क बघा. बाग एकच, पण १९९४ साली, आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने युद्धबंदी जाहीर केली त्याच सुमारास, तिच्या मधोमध पत्र्याची उंच भिंत उभी राहिली. एकीकडे कॅथलिक, दुसरीकडे प्रोटेस्टंट. सप्टेंबर २०११ मध्ये त्या भिंतीत दार केलं, त्याचं कौतुकही खूप झालं. पण सुरुवातीला ते उघडं असायचं सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते दुपारी ३. म्हणजे नेमकी शाळेची वेळ! अंधारात दगडफेक होईल ही रहिवाशांची भीती मी समजू शकतो, तिथे घरांच्या काचा फुटलेल्या आहेत. तरी ज्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून हे सगळं, ती मुलं तेव्हा वर्गात असणार ना?

आणि वर्गही वेगळेच. तिथे बहुतेक मुलं अजून आपापल्या समाजाच्या शाळेत जातात. दोन्हीकडची मुलं मुद्दाम एकत्र घेणाऱ्या शाळांत दहातलं एखादंही नसतं. त्यामुळे बसस्टॉपवर नुसता गणवेश बघून समोरचा कुठला ते कळतं. सोळा वर्षांच्या मुलीला बाग आवडते की नाही हा प्रश्न नंतरचा. तिथवर जायचा रस्ता कुणाच्या गल्लीतून जातो आणि परत यायला उशीर झाला तर काय, हे तिला आधी विचारायला हवं. बाग कुठे करायची, दार कधी उघडायचं हे ठरवणाऱ्या बैठकांना त्या वयाच्या मुलांना कुणी बोलावतं का?