एकमेकांची ओझी वाहायची, पण हिशेब कसा ठेवायचा?

वडगावशेरीकर: जय ख्रिस्त. वडगाव शेरीत ९ कुटुंबांची दर गुरुवारी घरोघरी प्रार्थनासभा असते. नुसतं वचन वाचून उठण्यापेक्षा आज्ञा मिळून पाळाव्यात असं ठरतंय: अडचणीतल्या घराला बिनव्याजी मदत, महिन्यातून एकदा सगळ्यांचं जेवण, आणि भांडण झालं तर मत्तय १८ प्रमाणे मिटवणं. निधीला घरटी ५०० रुपये. भिशीसारखं चालवावं का? पैसे पाळकांकडेच ठेवा असाही एक सूर आहे.

हिशेबनीस: भिशी नको. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो, गरज असो वा नसो. तुम्हाला हवंय ते कृत्ये ४:३५ मधलं, ज्याला गरज त्याला. शिवाय भिशीत बोली शिरली की व्याज मागच्या दाराने आलंच, आणि लेवीय २५:३७ गरीब भावाला दिलेल्या धान्यावरसुद्धा वाढ घेऊ देत नाही.

घरटी सारखी रक्कमही नको. १ करिंथ १६:२ मध्ये प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने बाजूला ठेवायचं आहे. कोरी पाकिटं वाटा, नाव लिहू नका. दिलेलं ते दान, ठेव नव्हे. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहा, नाहीतर घर बदलून जाणारा ‘माझे परत द्या’ म्हणेल.

एका घराला शिलकेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. ३०,००० असतील तर १०,०००. फेड १० हप्त्यांत, पहिला हप्ता दोन महिन्यांनी. औषधपाणी, फी, घरभाडं यांसाठी द्या, लग्नाच्या मांडवासाठी नाही. जामीन मागू नका. नीतिसूत्रे ६ जामिनाला आधी स्वतःची सुटका करून घ्यायला सांगतं. मोजणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघे एकाच घरातले नकोत. पौलानेही वर्गणी एकट्याने नेली नाही, कोणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०).

कृत्ये_सहा: पाळकांकडे पैसे? प्रेषितांनीच ते काम अंगावरून उतरवलं होतं (कृत्ये ६). तक्रार होती ग्रीक बोलणाऱ्या विधवांची, रोजच्या वाटपात त्यांच्याकडे दुर्लक्ष होत होतं म्हणून. मग वाटपासाठी निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक! जिकडून तक्रार, तिकडचीच माणसं वाटपाला बसवलेली दिसतात. तेव्हा निधी वाटायला तिघांची समिती नेमा, आणि तिच्यात एक तरी भाड्याने राहणारं घर असू द्या, आणि एक बाई. मागणीअर्ज सभेत वाचायचा नाही. ‘अमुक भावासाठी प्रार्थना करू या, त्यांना पैशांची अडचण आहे’ एवढं एक वाक्यही त्या भावाचं सभेला येणं थांबवायला पुरतं.

आणि कर्जमाफी विसरू नका, अनुवाद १५: दर सातव्या वर्षी भावाचं कर्ज सोडून द्यायचं. दर डिसेंबरअखेर थकलेलं सगळं माफ, असं करता येईल.

हिशेबनीस: ठरलेली तारीख नको हो. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून हात आखडू नका असं त्याच अध्यायात नवव्या वचनात बजावलंय, तरी लोकांनी हात आखडलेच. शेवटी यहुदी धर्मगुरू हिल्लेलला ‘प्रोसबूल’ नावाचा दस्तऐवज काढावा लागला, म्हणजे कर्ज न्यायसभेच्या हवाली करायचं, मग ते माफीत बुडत नाही. तुमच्याकडे डिसेंबर ठरला तर ऑक्टोबरपासून समिती कर्ज देणार नाही आणि घेतलेला फेडणार नाही. प्रत्येक कर्जाची मुदत त्याच्या त्याच्या तारखेपासून धरा: १८ महिने. उरलं तर समितीने खोडायचं, नाव न घेता.

एकांती: मत्तय १८ मध्ये पहिली पायरी ‘तुम्ही दोघे असताना’ अशी आहे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही आणि पाळकांना आधी फोनही नाही. दुसऱ्या पायरीला एक-दोन साक्षीदार, तेही तुमच्या बाजूचे मेव्हणे नकोत. मंडळीपुढे तिसरी. बहुतेक ठिकाणी पहिली वगळून थेट तिसरी गाठतात आणि ऐकणारे दोन तट पाडून बसतात. मत्तय ५:२३ जोडीला वाचा: तिथे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच उठून जायचंय. दोन्ही धरलं तर ‘तो येऊ दे आधी’ म्हणायला कोणालाच जागा उरत नाही.

पंगत: जेवणाचं थोडक्यात. घरोघरचे डबे आणू नका. एकीची बिर्याणी आणि दुसरीची भाजी-भाकरी शेजारी आली की करिंथची पंगत सुरू, एक भुकेला आणि दुसरा तृप्त (१ करिंथ ११). बेत एकच ठेवा. ३० माणसांना तांदूळ ३ किलो, तूरडाळ सव्वा किलो, बटाटे ४ किलो. खर्च निधीतून नको, वेगळ्या डब्यातून. आणि पिंपरीहून पहिली पाळी संपवून येणारे असतील तर दुपारी साडेचारच्या आधी पातेलं उघडू नका.