अणुवीज केंद्राची सुरक्षितता: युनियन आणि मॅनेजमेंट टेबलाच्या एकाच बाजूला बसले तर?

रात्रपाळी

बावीस वर्षं अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली, त्यातली दहा युनियनतर्फे सुरक्षा समितीवर. तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझं म्हणणं असं: पगार, बढत्या, भत्ते यांवर काय भांडायचं ते भांडा, पण सुरक्षिततेचा विषय त्या टेबलावरून उचला. मागण्यांच्या यादीत तो गेला की त्याचा सौदा होतो. एका वाटाघाटीत आम्ही रात्रपाळीला फील्डमध्ये एक जादा ऑपरेटर मागितला होता. पहाटे तीन वाजता मॅनेजमेंटने विचारलं, "माणूस हवा की रात्रपाळी भत्त्यात वाढ?" आम्ही वाढ घेतली. त्या कागदावर माझीही सही आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा व्हॉल्व उघडला तो उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र बंद झाल्याचं दाखवत होता, कारण तो दिवा फक्त 'बंद हो' हा हुकूम गेला एवढंच सांगायचा. व्हॉल्व खरंच बंद झाला का, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ऑपरेटरना वाटलं पाणी जास्त झालंय, म्हणून त्यांनी भट्टी थंड ठेवणारं आपत्कालीन पाणी कमी केलं आणि गाभा, म्हणजे इंधनाचा भाग, वितळायला लागला. आता ऐका. त्याच बनावटीच्या डेव्हिस-बेसी केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये असाच व्हॉल्व असाच अडकला होता. तिथल्या ऑपरेटरना वीसेक मिनिटांत उलगडा झाला आणि निभावलं. दीड वर्षात ही गोष्ट थ्री माइल आयलंडच्या पॅनेलसमोर बसणाऱ्यांपर्यंत पोचली नाही.

त्यानंतर १९७९ मध्येच अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी असे अनुभव एकमेकांना कळवायला इन्पो ही संस्था काढली, चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये जगभरच्या केंद्रांसाठी तशीच वानो आली. चांगलंच झालं. पण या दोन्ही केंद्र चालवणाऱ्या कंपन्यांच्या संस्था. मालक मालकांशी बोलायला लागले. दिव्याकडे बघणारा माणूस कुठे बोलणार?

म्हणून प्रत्येक केंद्रात दोन्ही बाजूंची समसमान समिती, चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नाही, आणि कामगार प्रतिनिधीला धोकादायक काम थांबवायचा अधिकार, एवढं मागतोय. बोला.

खडाष्टक

'एकाच बाजूला बसले' हेच वाचून धडकी भरली.

साधा हिशेब करा. १००० मेगावॅटची अणुभट्टी एक दिवस बंद म्हणजे २ कोटी ४० लाख युनिट वीज गेली. मालकाचा नफा आणि तुमचा पगार एकाच तारेतून येतो. केंद्र चालू राहावं, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये, वर्तमानपत्रात नाव येऊ नये, यावर तुमचं नि मॅनेजमेंटचं एकमत व्हायला समिती कशाला हवी? ते आहेच.

डेव्हिस-बेसीचं नाव तुम्हीच काढलंत, तर पुढचं मी सांगतो. मार्च २००२. अणुभट्टीच्या झाकणात, गळणाऱ्या पाण्यातल्या बोरिक ॲसिडने पोलाद खाऊन खड्डा पाडलेला. सुमारे सहा इंच जाडीचं पोलाद आरपार गेलं होतं, आतला दाब तोलून धरला होता तो जेमतेम सेंटिमीटरभर स्टेनलेसच्या अस्तराने. २००० सालच्या शटडाउनमधले (देखभालीसाठी केंद्र बंद ठेवतात तेव्हाचे) झाकणावरच्या तांबड्या ओघळांचे फोटो होते. हवेतला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांचे फिल्टर गंजाने पुन्हा पुन्हा तुंबत होते. तपासणीसाठी केंद्र २००१ संपायच्या आत बंद करायचं होतं, कंपनीने फेब्रुवारीपर्यंतची मुदत मिळवली. आणि ती दिली कोणी? नियामकाने, म्हणजे केंद्रांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने. नियामकसुद्धा जरा प्रेमाने वागला की काय होतं ते बघा, आणि तुम्ही युनियनलाही त्याच पंगतीत बसवताय.

मला भांडणारी युनियन हवी. सहकार्य करणारी नको.

रात्रपाळी

@खडाष्टक, फिल्टर तुंबत होते म्हणता. ते बदलत कोण होतं? आठवड्याला एक-दोनदा तोच फिल्टर बदलणाऱ्या माणसाच्या हाताला तो गंज लागत असणार. त्याला 'हे नेहमीचं नाही' म्हणायला दार पाहिजे. भांडणारी युनियन ते दार देत नाही, ती मोर्चा देते. मोर्चात फिल्टरबद्दल कोण बोलतो हो?

नियामक वर्षातून ठरलेल्या वेळी येतो (काही देशांत त्याचा माणूस केंद्रातच बसतो, ते बरं), कागद बघतो, फिरतो, जातो. वर्षाचे बाकीचे दिवस-रात्र आम्हीच असतो.

आणि मी मागतोय ते दात नसलेलं सहकार्य नाही. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून सुरक्षा प्रतिनिधीला गंभीर, तातडीचा धोका दिसला तर सरकारी निरीक्षक येऊन निकाल देईपर्यंत काम थांबवता येतं. पुढे ते थांबवणं अनावश्यक ठरलं तरी नुकसानभरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. हा दात मला हवाय.

मिरची

मालक दुष्ट, कामगार जागा, हे चित्र फार गोड आहे. पीच बॉटम, अमेरिका, १९८७. कंट्रोल रूममधले ऑपरेटर ड्युटीवर झोपत होते. ३१ मार्चला नियामकाने केंद्रच बंद करायला लावलं, परत सुरू व्हायला १९८९ उजाडलं. शेजारच्या खुर्चीतला सहकारी काय करत होता? गप्प होता, किंवा स्वतःही झोपला होता.

'चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही'मध्ये घोरणं बसतं का?

रात्रपाळी

नाही बसत. चुकीचा व्हॉल्व फिरवून लगेच सांगणारा वेगळा आणि उशी घेऊन येणारा वेगळा. दुसऱ्याला युनियनने वाचवलं तर ती तिची बेअब्रू.

पण पहाटे चार वाजता पॅनेलसमोर डोळे कसे जड होतात हे बसल्याशिवाय कळत नाही. सगळे आकडे हिरवे, एसीची घरघर, काहीही घडत नाही. आमच्या धंद्यात चांगली रात्र म्हणजे कंटाळवाणी रात्र. अमेरिकेत आता नियमच आहे: २४ तासांत १६ च्या वर नाही, ७ दिवसांत ७२ च्या वर नाही. आमच्याकडे असली मर्यादा आणायचं ठरलं तेव्हा सर्वात मोठी ओरड मॅनेजमेंटची नव्हती, ओव्हरटाइम बुडणाऱ्या आमच्याच सभासदांची होती. समितीत दोघांनी मिळून ती रेटली म्हणून झाली. एकट्या युनियनने केली असती तर पुढच्या निवडणुकीत आम्ही घरी बसलो असतो.

खडाष्टक

मिरचीताईंना +१.

रात्रपाळी, तुमच्या दाताबद्दल. अणुभट्टी म्हणजे लेथ नव्हे, बटण दाबलं नि गप्प. साखळी प्रक्रिया थांबली तरी त्या क्षणी गाभ्यात आधीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते आणि ती दिवसेंदिवस काढत राहावी लागते. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर, त्सुनामीने वीज गेली आणि पाणी फिरेना म्हणून. तिथे प्रतिनिधीने 'काम थांबवा' म्हणायचं? नेमकं कुठलं काम?

रात्रपाळी

मुद्दा बरोबर, पण बाण चुकीच्या झाडाला. प्रतिनिधी भट्टीला हात लावत नाही, ते शिफ्ट इन्चार्जचं काम. प्रतिनिधी थांबवतो ते देखभालीचं काम: बंदिस्त जागेतलं वेल्डिंग, टॅग न लावता उघडलेली लाइन, मोजमाप न घेता दिलेलं परमिट. संप झाला तरी कंट्रोल रूम आणि थंडावा सांभाळणारी माणसं जागेवर राहतात, ही अट कुठल्याही शहाण्या युनियनला मान्य असते.

बॅज नंबर ७

बराच वेळ नुसतं वाचत होतो. रात्रपाळी काका, तुम्ही कंट्रोल रूमचे. मी खालच्या बाजूचा. रेडिएशन मोजणारा, आणि कंत्राटी. शटडाउन लागला की येतो, दीड महिन्याने दुसऱ्या केंद्रात जातो. बॅग भरलेलीच असते.

वरती एवढी चर्चा झाली, आमचा उल्लेख एकदाही नाही.

डोसची, म्हणजे अंगावर पडणाऱ्या किरणोत्सर्गाची, मर्यादा अशी: ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे त्याचं माप), कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस हीच आहे आणि बहुतेक देशांनी ती या ना त्या रूपात घेतली आहे. कंपन्या स्वतःची मर्यादा याच्याही खाली ठेवतात. नियम चांगला आहे, मीच तो लोकांना शिकवतो. पण कायम नोकरीतल्या फिटरचा आकडा वर गेला तर त्याला कार्यशाळेत बसवतात, पगार चालू. कंत्राटी फिटरचा गेला तर गेटपास परत घेतात. त्याच्यासाठी तो आकडा तब्येतीचा उरत नाही, किती दिवस चूल पेटणार याचा होतो. मग माणूस डोस मोजणारा बॅज कुठे ठेवतो ते मी पाहिलंय. एकाच्या लॉकरमध्ये, शर्टाखाली घडी करून ठेवलेला मिळाला. मी रिपोर्ट लिहिला. तो माझ्याशी परत बोलला नाही, आणि पुढच्या शटडाउनला आला नाही.

हे एकट्यादुकट्याचं नाही. फुकुशिमात अपघातानंतर, डिसेंबर २०११ मध्ये, एका उपकंत्राटदाराच्या अधिकाऱ्याने कामगारांना डोसीमीटरवर (डोस मोजणाऱ्या यंत्रावर) शिशाचं आवरण चढवायला लावलं होतं. आकडा कमी दिसावा म्हणून. पुढच्या वर्षी ते उघड झालं.

आणि मिहामा. जपान, ९ ऑगस्ट २००४. टर्बाइनच्या बाजूचा पाइप फुटला, वाफ आणि उकळतं पाणी अंगावर आलं, पाच माणसं गेली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही म्हणून लवकर विसरलं गेलं. सुरुवातीला १० मिलिमीटर जाड असलेला तो पाइप झिजून काही ठिकाणी दीड मिलिमीटरच्याही आत आला होता. केंद्र १९७६ ला सुरू झाल्यापासून तो भाग तपासला नव्हता, कारण तपासणीच्या यादीत तो नव्हताच. पाचही जण कंत्राटी कंपनीचे. काही दिवसांनी येणाऱ्या शटडाउनची तयारी करत होते, केंद्र चालू असताना.

तुमच्या समसमान समितीत अर्धे मॅनेजमेंटचे, अर्धे युनियनचे. आमची खुर्ची कुणाच्या अर्ध्यात?

खडाष्टक

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. भांडणारी युनियन हवी म्हणालो खरा, पण ती कुणासाठी भांडते हे विचारायचं राहिलं.

मिरची

बॅज दादा, तो रिपोर्ट लिहिला नसता तर?

बॅज नंबर ७

तर पुढच्या शटडाउनला तो आला असता, आणि त्याच्या आकड्यावर माझा विश्वास नसता. ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. अजूनही लिहिलाच असता.

रात्रपाळी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण जुनी आठवण टोचत होती.

आमच्या समितीत दर वर्षी डोसचा तक्ता यायचा. कायम कामगारांचा सरासरी डोस दर वर्षी खाली. आम्ही टाळ्या वाजवायचो, मॅनेजमेंट चहा पाजायची. तो डोस गेला कुठे, हे एकदाही विचारलं नाही. स्टीम जनरेटरच्या तोंडाशी, जिथे डोस जास्त लागतो तिथे, जाऊन करायची कामं तर कमी झाली नव्हती. ती दुसऱ्यांच्या बॅजवर गेली. खडाष्टक ज्या पंगतीबद्दल बोलत होते ती हीच असावी. आमचं सहकार्य खरं होतं आणि त्याचा फायदाही खरा होता, फक्त खर्च तिसऱ्याच्या नावावर पडत होता.

मूळ मागणी मागे घेत नाही, दुरुस्त करतो. केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटी गटाचा प्रतिनिधी समितीत, त्याने स्वतः निवडलेला. डोसचा तक्ता सगळ्यांचा एकत्र. आणि डोस भरला म्हणून बाहेर काढलेल्या माणसाला उरलेल्या कंत्राटाचा पूर्ण पगार. या शेवटच्या कलमाशिवाय बॅज लॉकरमध्येच राहणार.

खडाष्टक

पैसे कोण देणार? कंत्राटदार म्हणेल केंद्राने द्यावेत, केंद्र म्हणेल निविदेत धरले नव्हते. सर्वात कमी बोलीवाल्याला काम मिळत असेल तर हे कलम त्या बोलीतच पहिलं गायब होईल.

रात्रपाळी

केंद्राने द्यायचे. बोलीच्या बाहेर ठेवून, निविदा निघायच्या आधी रक्कम ठरवून. म्हणजे कमी बोली लावायला ते कलम कापून काही हाती लागणार नाही. आमची युनियन हे मागेल का? खरं सांगायचं तर खात्री नाही. आज सकाळी समितीचे जुने वृत्तांत काढून बसलो. माझ्या दहा वर्षांत 'कंत्राटी कामगार' हे शब्द तीनदा आलेत. दोनदा गेटपासच्या रांगेबद्दल, एकदा कँटीनबद्दल.

बॅज नंबर ७

कँटीनचं काय ठरलं होतं?

रात्रपाळी

'पुढील बैठकीत घ्यावे.'