एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झालाच का? व्हायरसने कॅन्सर होतो म्हणजे नक्की काय होतं?

मृण्मयी_नाशिक
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा (वय ४२) गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) प्रकार १६ पॉझिटिव्ह आलाय. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नका, कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भपिशवीचं तोंड तपासणं) करून बघू, पण घरी असं वातावरण झालंय की विचारू नका. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय, भाऊजी कुणाशी बोलत नाहीत आणि ताई सारख्या रडतायत की मला कॅन्सर झालाय. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही असंच ऐकत आलोय ना आपण, मग हा व्हायरस कुठून आला मधेच? आणि माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला लस द्या म्हणतायत, आता एकच डोस पुरतो असंही वाचलं, आधी तर तीन होते! पैसे वाचवायचा प्रकार तर नाही ना? कुणी नीट समजावून सांगेल का प्लीज.

खडूस_काका
आधी ते ताट परत सगळ्यांच्या ताटात ठेवा. हा जेवणातून, कपातून पसरत नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पेशीवाली
काकांना +१. मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

मृण्मयी, कॅन्सर लागत नाही, व्हायरस लागतो. एचपीव्हीचे २०० च्या वर प्रकार आहेत, बरेचसे नुसते चामखीळ आणणारे. १६ आणि १८ हे दोन मात्र वाईट, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के यांच्यामुळे. शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही, वर्षा-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला हाकलतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यातल्या थोड्याजणींना पुढे त्रास, आणि तोही सहसा दहा-पंधरा वर्षांनी. त्यामुळे तो कधी आला, कुणाकडून आला हे रिपोर्टवरून कुणालाच सांगता येत नाही, लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांपैकी कुणाकडूनही. हे तुमच्या भाऊजींना कुणीतरी शांतपणे सांगा.

आता आत काय होतं. व्हायरसला स्वतःच्या कॉप्या काढायला आपल्या पेशीची मशिनरी लागते आणि ती पेशी विभागत असतानाच चालू असते. पण एचपीव्हीच्या कॉप्या निघतात त्या वरच्या थरात, आणि तिथल्या पेशींनी विभागणं थांबवलेलं असतं. म्हणून त्याची दोन प्रोटीन्स आहेत, ई६ आणि ई७. ई७ आपल्या पेशीचं विभागणं रोखणाऱ्या आरबी नावाच्या ब्रेकला निकामी करतं, ई६ पी५३ ला संपवतं, म्हणजे डीएनए बिघडला तर पेशीला थांबवणारं किंवा मारणारं जे प्रोटीन तेच गायब. एरवी हे थोडक्यात आटपतं. पण कधीतरी व्हायरसचा डीएनए तुटून आपल्या डीएनएत घुसतो, ई६-ई७ वर लगाम ठेवणारा भागच तुटलेला असतो आणि मग पेशी वर्षानुवर्षं बिनब्रेकची पळत राहते, चुका साठत जातात. गंमत म्हणजे अशा पेशीतून नवे व्हायरस बाहेरच पडत नाहीत. म्हणजे कॅन्सर हा व्हायरसच्या दृष्टीनेही अपघातच, त्याचा काही फायदा नाही. १९५१ पासून जगभरच्या लॅबमध्ये वाढवतायत त्या हेला पेशी (एका बाईच्या याच कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या) एचपीव्ही १८ वाल्याच, आणि त्यांच्यात ई६-ई७ बंद केलं की त्या आजही वाढायच्या थांबतात.

हे शोधायला एवढा वेळ का लागला तर ७० च्या दशकात सगळे हर्पीस या दुसऱ्याच व्हायरसच्या मागे होते. हॅराल्ड झुर हाउझेन हे जर्मन संशोधक म्हणाले की मला ट्यूमरमध्ये हर्पीस सापडतच नाही, तेव्हा कुणाला पटेना. १९८३ मध्ये त्यांच्या टीमने १६ शोधला, पुढच्या वर्षी १८. नोबेल २००८ ला.

बार्शीचा_भाऊ
यात आमच्या भागाचा मोठा वाटा आहे, लोकांना माहीतच नसतं. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आता धाराशिव) ५२ गटांतल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) मिळून. काहींची एचपीव्ही टेस्ट, काहींचा पॅप (तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), काहींना ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटाची नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी आकडे आले तर एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्याच व्यवस्थेच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने मृत्यू जवळजवळ निम्मे! बाकी दोन पद्धतींना तसं जमलं नाही. त्या चौथ्या गटाला तपासणीच का दिली नाही यावरून पुढे बरीच टीका झाली, आणि मला तरी ती टीका रास्त वाटते, ६४ हा आकडा वाचताना त्या बायका आपल्याच गावच्या होत्या हे विसरता येत नाही. पण टेस्टचं महत्त्व जगाला त्यातूनच कळलं. जाऊबाईंना सांगा, टेस्ट करून घेतली हेच बरं झालं, कॉल्पोस्कोपी चुकवू नका.

शंकासुर
सगळं ठीक पण २०१० मध्ये सरकारनेच या लसीचा प्रोजेक्ट थांबवला होता ना? मुली दगावल्या होत्या. ते कुणी बोलत नाही.

पेशीवाली
बोलूया की. आंध्र आणि गुजरातमध्ये एक वेगळा लसीकरण प्रोजेक्ट चालू होता, त्यात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लसीशी संबंध दिसला नाही, पण पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली होती त्यावर ताशेरे ओढले गेले आणि ते योग्यच होतं. त्या गोंधळात आयएआरसीचा दोन विरुद्ध तीन डोसचा अभ्यासही अडकला. बार्शी, पुणे धरून देशभरच्या मुली होत्या त्यात, सरकारने लस देणं थांबवायला सांगितलं आणि जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. असा प्रयोग मुद्दाम कुणी आखलाच नसता. पण संशोधकांनी त्यांना दहा वर्षं सोडलं नाही आणि २०२१ ला निकाल आला, १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचंही संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, दोन-तीन डोसवाल्यांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं त्यामागे हेही आहे. तेव्हा मृण्मयी, पैसे वाचतात हे खरं, पण त्यासाठी पुरावा गुंडाळून ठेवलेला नाही. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्वाव्हॅक लस आहे तिच्या लेबलवर ९ ते १४ वयाला दोन डोस आहेत, डॉक्टर दोन म्हणाल्या तर दोन घ्या, वाद घालू नका. आणि लस झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून जाऊबाईंना आत्ता तपासणीच महत्त्वाची.

मृण्मयी_नाशिक
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. बार्शीचा प्रतिसाद ताईंना वाचून दाखवला, रडणं थांबलंय, मंगळवारची तारीख घेतलीये. ताटाचं प्रकरण सासऱ्यांनी मिटवलं. एकच विचारायचं, धाकटा मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला काही नाही ना?

पेशीवाली
आहे की. मुलग्यांनाही देतात, ऑस्ट्रेलियात २०१३ पासून शाळेतच. घशाचे, गुदद्वाराचे, लिंगाचे काही कॅन्सर याच १६ मुळे होतात. आधी मुलीचं उरका, मग त्याचं त्याच डॉक्टरांना विचारा.